कौसीच्या बोटावरचा घट्टा

"हा घट्टा नाही, बाई. ही गाठ आहे. आणि गाठ चांगली नाही."

नगरच्या मोठ्या दवाखान्यातले डागदर मला असं म्हनले तवा माजी लेक कौसल्या दाराशी उभी हुती. भाईर बसलेल्या बायांच्या लुगड्याचे काठ बघत हुती. तिला ऐकू गेलं. ती वळली आन् म्हनली, "आये, घट्टा न्हाई तर मंग मी इतके दिस मिरवत काय हुते?"

डागदर हसले न्हाईत. त्यांनी तिला आत बोलावलं, स्टुलावर बसवलं, आन् तिच्याकडं बघूनच सांगितलं. मला त्ये आवडलं. पोरीच्या हाताचं पोरीला सांगितलं.

त्यांनी नाव घेतलं सारकोमा. म्हंजी कॅन्सरच, पन हाडातला न्हाई आन् वरच्या कातड्यातला बी न्हाई. मधी जे नरम मांस असतं, शिरा असत्यात, त्याच्यातून उठतो त्यो. बोटाला असा सहसा व्हतच न्हाई. "माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत बोटावर मी हा पहिल्यांदा बघतोय," असं ते म्हनले. कौसीला तवा अठरावं सरत आलं हुतं.

मला सही येती, तेवढंच माजं शिक्षान. ही माजी धाकटी सून लिहून घेती, मी बोलन तसं. ज्यांच्या घरात बाया हातावर पोट भरत्यात त्यांनी ऐकावं म्हनून सांगते. रडाय लावायचं म्हनून न्हाई. रडून झालंय माजं.

आमी संगमनेरचे, विड्या वळनारे. आमच्या आळीत बाई म्हनली की मांडीवर सूप आन् हातात कात्री. पान पत्र्याच्या मापावर ठिवायचं, कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा, नखानं तोंड मोडायचं. सकाळधरनं दिवं लागंपातूर त्येच. कात्रीनं हाताला घट्टे पडत्यात. आंगठ्याला पडत्यात, बोटांना पडत्यात. कातडं जाड व्हतं, पिवळं पडतं, दुखत न्हाई. ज्या पोरीच्या हाताला घट्टा न्हाई ती पोरगी आळशी, असं आमच्याकडं धरत्यात. सोयरीक जुळवाय मानसं आली की पोरीचं तोंड मागनं बघत्यात, हात आदी.

कौसीच्या उजव्या हाताला, आंगठ्याशेजारच्या बोटाला, मधल्या पेराच्या आतल्या अंगाला एक घट्टा हुता. आदी हरभऱ्यायेवढा. मंग वाटान्यायेवढा. कडक. दुखायचा न्हाई. आमी म्हनायचो, पोरगी कात्री दाबून धरती, तिचा हात जड हाय.

सिन्नरची मानसं तिला बघाय आली. मुलाची आई मोठी हुशार बाई, जल्मभर विड्याच वळलेली. बसल्या बसल्या म्हनली, "पोरी, हात दाव." कौसीनं दोनी हात फुडं केले. बाईनं एकेक बोट दाबून बघितलं, बाजारात वांगी बघावी तसं. त्या घट्ट्यावर आली आन् थांबली. "आगं बया! ह्यो घट्टा हाय का गोटी हाय?"

कौसी म्हनली, "मामी, तुमच्या घरी आले की त्याचा लिंबू व्हईल."

सगळी हसली. बाई म्हनली, "ह्या हाताची पोरगी उपाशी ऱ्हात न्हाई आन् कुनाला ठिवत न्हाई." तितंच सुपारी फुटली.

बगा, जो रोग हुता त्याच्यावरनं पोरगी पसंत झाली. मी त्या बाईला कवा बोल लावला न्हाई. माज्या बी बोटाखालून त्यो रोज जायाचा. डोकं इचरताना ती माज्या मांडीवर हात टाकून बसायची. आमच्या आळीतल्या कुनीबी बाईनं त्याला घट्टाच म्हनलं असतं, आन् म्हनलंच.

सुपारी फुटल्यावर थोड्या दिसांनी त्या घट्ट्याचं तोंड फुटलं. पू न्हाई, ठनका न्हाई, नुसती लाल जखम. आमी दगडी पाला चोळून बांधला. हळद भरली. खपली धरायची, पडायची, खालून पुन्ना वल्लंच. गावातल्या डागदरनी पेन्सिलीनची सुई दिली, वर पावडर दिली. भरंना. मंग ते म्हनले, "नगरला जाऊन हाताचा एक्स-रे काढा." एक्स-रे म्हंजी आतला फोटू.

मी, कौसी आन् आमचे मालक, म्हंजी तिचा बाप, यष्टीनं नगरला गेलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात लई येळ बसलो. कौसीनं एका थंडगार पत्र्यावर हात ठिवला. आतल्या मानसानं तिला बांगड्या वर सारायला लावल्या, दम धराय सांगितला. तिला वाटलं दुखंल. भाईर येऊन म्हनली, "आये, कायबी न्हाई झालं. डोळं झाकून बसले, आन् झालं बी."

तवाचे डागदर तरुन हुते, गर्दी मोठी हुती. त्यांनी फोटू उजेडाला धरला आन् म्हनले, "हाड शाबूत आहे. मलमपट्टी चालू ठेवा. जखम भरली नाही तर परत घेऊन या."

आमी भाईर आलो ते निम्मंच बोलनं घिऊन आलो. हाड शाबूत हाय. फोटू साफ हाय.

मालक तर हरकून गेले. फोटूचं त्ये मोठं पाकीट त्यांनी यष्टीत मांडीवर आडवं धरलं, दुमडूं दिलं न्हाई. घरी आल्यावर आळीतल्या मानसांना अंगनात बोलावलं, फोटू सूर्याकडं धरला आन् एकेकाला दावला. पांढरी पांढरी पेरं, सरळ, देखनी. "बगा, कुटं डाग हाय का? साफ हाय पोरगी." सिन्नरची मानसं येऊन गेली, त्यांना बी सूर्याला धरून दावला. मंग त्यो फोटू देव्हाऱ्यामागं ठिवला, हळदकुंकू लावून. आमाला वाटलं, फोटूत सगळं येतं. मानसाच्या फोटूत जसं नाक डोळं कान सगळं येतं तसं. त्याच्यात जे दिसत न्हाई त्ये नसंल.

ह्येच आमचं चुकलं. ध्यानात ठिवा. त्या काळच्या फोटूत हाड दिसायचं. मांस त्याच्यात धुरावानी दिसतं. गाठ जर मांसाची आसंल तर ती धुरातला धूर. फोटू साफ म्हंजी हाड साफ, तेवढंच.

त्याच साली पाऊस पळाला. विहिरी आटल्या, प्रवरेत वाळू उडाय लागली, रेशनला लाल मिलो आला, परदेशातली लाल जवारी ती. आजूबाजूच्या खेड्यातल्या बाया बी विड्या वळायला आमच्याकडं शिकाय यायच्या. कौसीनं कितीजनींना शिकवलं. बोटाला चिंधी बांधून कात्री चालवायची, आन् कुनी इचारलं तर म्हनायची, "ही चिंधी न्हवं, फेटा हाय. हे बोट आमच्यातलं पाटील हाय."

लगीन फुडल्या उन्हाळ्यात धरलं.

एक दिस पानं भिजवताना ती थांबली. तळहात दाबून बघत हुती. म्हनली, "आये, हितं बघ." बोटाच्या मुळापाशी, तळव्यात, कातड्याखाली एक गोळी लागत हुती. मी म्हनले, दुसरा घट्टा आसंल. ती म्हनली, "आगं पन हितं कात्री लागतच न्हाई."

मी माजा तळवा उघडून बघितला. कात्री हातात धरून माजा बी जल्म गेला. खरंच तितं कात्री लागत न्हाई.

आमी पुन्ना नगरला गेलो. ह्या खेपंला दुसरे डागदर हुते, वयानं मोठे, कमी बोलनारे. मालकांनी देव्हाऱ्यामागचा फोटू काढून दिला. डागदरांनी त्यावरचं कुंकू रुमालानं पुसलं, रागावले न्हाईत. नवा फोटू काढला. दोनी फोटू उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावले आन् मला जवळ बोलावलं.

"बाई, हे पांढरं ते हाड. हाडाच्या कडेला ही करडी सावली बघा. या बोटाला जाड आहे, शेजारच्या बोटाला पातळ आहे. इथं मांसात काहीतरी वाढलंय. पण काय वाढलंय, ते फोटो सांगत नाही. त्यासाठी तुकडा काढावा लागेल."

त्याला बायोप्सी म्हनत्यात. सुई देऊन बोट बधीर करत्यात, गाठीचा इतकुसा तुकडा काढत्यात, त्याचं कांद्याच्या पापुद्र्यायेवढं पातळ काप करून काचंवर ठिवत्यात आन् भिंगातनं बघत्यात. दुखत न्हाई फार. भ्याचं काम न्हाई. भ्याचं काम असतं त्ये नंतर, वाट बघन्यात.

नगरच्या डागदरांची खातरी पटंना. त्यांनी काचा पुन्याला धाडल्या, पुन्यानं मुंबैला. आमी आपलं फेरी घालायचो आन् व्हरांड्यात बसायचो. एकदा शिपाई म्हनला, "आलं न्हाई आजून, मावशी." कौसी म्हनली, "माज्या बोटानं बाकी मुंबै बघितली. मी संगमनेर, सिन्नर आन् नगर."

मंग त्यो दिस आला, जो मी पयला सांगितला.

डागदरांनी तितंच छातीचा फोटू काढून घेतला. ही गाठ रगतातून फुफ्फुसात जाती म्हनून. त्यो फोटू बघून म्हनले, "छाती आज साफ दिसते." आन् मालकांकडं वळून म्हनले, "साफ म्हणजे आज दिसत नाही, एवढंच. ते लक्षात ठेवा." मंग विलाज सांगितला. ॲम्प्युटेशन, म्हंजी कापून टाकनं. बोट जायाचं, शेजारचं बोट जायाचं, त्यांच्या खालचा तळहाताचा भाग जायाचा.

मालक हात जोडून म्हनले, "साहेब, दोन म्हैन्यावर लगीन हाय. त्येवढं उरकून घिऊ का?"

डागदर म्हनले, "मी तुम्हाला अडवू शकत नाही. पण गाठ तुमच्या मुहूर्तासाठी थांबणार नाही."

कौसीनं येवढंच इचारलं, "मला विडी वळता यील का?"

"नाही."

"जेवता?"

"डाव्या हातानं."

तिनं आपला उजवा हात फुडं केला. मंग म्हनली, "काढा मंग. मी मुंडावळ्या बांधून दवाखान्यात यायची न्हाई."

आपरेशन पुन्याला झालं. तिला आत नेली तवा मी दाराशी बसले. तिच्या उजव्या हातातल्या बांगड्या काढून माज्या हातात दिल्या हुत्या. पुन्याच्या डागदरांनी नंतर इचारलं, अशी गाठ फार कमी बघायला मिळते, शिकणाऱ्या पोरांसाठी ते बोट औषधात घालून ठेवू का? आमच्यात कापलेला अवयव पुरत्यात, नायतर मानूस अपुरं जातं म्हनत्यात. मालक न्हाई म्हनले. कौसी गुंगीतून उठली हुती, ती बापाला म्हनली, "ठिवू द्या त्यांना, दादा. पोरांना कळू द्या घट्टा कुटला आन् गाठ कुटली." बापानं मंग मान हालवली.

घरी आल्यावर सिन्नरची बाई आली. एकटीच आली, पोराला आनलं न्हाई, तवाच मी समजले. पट्टी बांधलेला हात बघितला आन् पदर तोंडाला लावला. कौसीनंच तिची सुटका केली. म्हनली, "मामी, तुमी घट्टा बघून सुपारी फोडली हुती. त्यो तर पुन्याला ऱ्हायला. तुमी मोकळ्या." बाई धाय मोकलून रडली, आन् गेली. सुपारीला दिलेली साडी परत मागितली न्हाई तिनं. कौसीनं बी ती कवा नेसली न्हाई.

त्याच्यानंतरचा काळ मात्र बरा गेला, आन् त्यो बी सांगाय पायजे, कारन आजारपनात नुसतं दुखनंच नसतं. ती डाव्या हातानं भाकरी थापाय शिकली. पयल्या भाकरी महाराष्ट्राच्या नकाशावानी व्हायच्या. विडी तिला एकटीला जमंना, मंग आमी दोघी मिळून एक विडी करायचो. मी पान कापून, भरून, वळून दोरा बांधायची आन् सुपातनं तिच्याकडं सरकवायची, ती डाव्या नखानं तोंड मोडायची. आदीसारख्या भराभर व्हत न्हवत्या. पन कारखान्यात तपासनारा आमच्या विड्या हातात घ्यायचा आन् म्हनायचा, "तोंड कुनी मोडलंय? लई साफ हाय." मी त्याला कवा सांगितलं न्हाई. घरी येऊन तिला सांगायची.

सांगितल्या येळंला नगरला दावाय जायचो. डागदर कोपर बघायचे, काख चाचपायचे, फोटू काढायचे. पाऊस पडला, पिकं आली, पुन्ना लोकांच्या तोंडावर रया आली. मला वाटाय लागलं, आपलं सुटलं.

मंग काखंत गाठी आल्या. आन् कोरडा खोकला. ह्या खेपंच्या छातीच्या फोटूत आमाला बी दिसलं. कुनी सांगाय लागलं न्हाई. काळ्या फुफ्फुसात पांढरे गोल, कापसाच्या बोंडावानी, दोनी बाजूंनी. मालकांनी त्ये पाकीट घरी आनलं त्ये बंदच ठिवलं. उजेडाला धरलं न्हाई कुनी.

डागदर म्हनले, "आता कापण्यासारखं काही नाही. दम कमी लागावा, दुखू नये, एवढं मी करू शकतो. ते शेवटपर्यंत करेन." आन् केलं. गोळ्या संपल्या की दुसऱ्या द्यायचे. खाट नसली तर खाट करून द्यायचे.

कौसी घरीच सरली. तिची इच्छा हुती. शेवटी तिला पडून दम लागायचा, म्हनून मी भिंतीला टेकून बसायची आन् ती माज्या अंगाला टेकून. त्या दिशी दुपारी शेजारनी वटीवर विड्या वळत बसल्या हुत्या. कात्र्यांचा आवाज येत हुता. ती म्हनली, "आये, कुनाची तरी कात्री बोथट झालीय. ऐक." मी ऐकलं. खरंच एक कात्री चावल्यावानी वाजत हुती. मी म्हनले, "व्हय गं." ती फुडं काय बोलली न्हाई. मला वाटलं, झोपली.

राख पुनतांब्याला गोदावरीत सोडली.

चौदावा उरकल्यावर मी एकटीच नगरला गेले. मालक म्हनले, आता कशापायी जातीस? मला एकच इचारायचं हुतं. व्हरांड्यात रांगंत बसले. माजा लंबर आला तवा डागदरांनी माज्या मागं कौसीला शोधलं, आन् मंग त्यांना कळलं. ते उठून उभे ऱ्हायले.

मी म्हनले, "साहेब, खरं सांगा. त्यो पयला फोटू काढला, त्याच टायमाला तुकडा काढला असता, तर ती जगली असती का?"

त्यांनी मला बसाय सांगितलं. मंग म्हनले, "मला माहीत नाही, बाई. लवकर धरली तर काही माणसं वाचतात. ही गाठ मात्र लवकर धरली तरी कधी कधी हातातून सुटते. तुमची मुलगी कुठल्यात बसली असती, ते मी सांगू शकत नाही. सांगितलं तर ते खोटं असेल."

यष्टीत बसून मी त्याच्यावर इचार केला. आजवर करते. ते व्हय म्हनले असते तर मी आन् मालक त्यातच जळून गेलो असतो. न्हाई म्हनले असते तर मला गप बसाय मोकळीक मिळाली असती. त्यांनी दोन्हीतलं एकबी दिलं न्हाई. ह्याच्यासाठी मी त्यांचे पाय धरीन.

म्हनून तुमाला सांगते. घट्टा कातड्याबरूबर सरकतो. बोटानं हालवून बगा. जी गोळी खाली धरून बसती, जी वाढती, जिची जखम भरत न्हाई, ती दुखत नसली तरी डागदरला दावा. त्यांनी फोटू साफ हाय म्हनलं तर इचारा, हाड साफ का मांस साफ? ते रागावले तर रागावू द्या. तुकडा तपासा म्हना. बहुतेकदा कायबी निघत न्हाई. आमच्या आळीतल्या कितीतरी बायांना मी बळंबळं धाडलं, समद्यांचं साधंच निघालं. परत येऊन मला म्हनत्यात, "म्हातारे, उगं हेलपाटा घातलास."

मी म्हनते, बस गं, च्या टाकते.